‘सैनिकी शौर्यास’ : सेनानी पोलिनिन याची कारकीर्द आणि एक परकीय सन्मानचिन्ह

ताम्रपटाचे वाचन करताना अभ्यासक प्रथम तीन गोष्टी पाहतो : दाता कोण, प्रतिग्रहीता कोण आणि दानाचे निमित्त काय. या तिहींपैकी एकीचा उल्लेख गाळलेला असेल, तर ते गाळणे हाही पुरावाच मानावा लागतो. लष्करी सन्मानचिन्हांकडे मात्र इतिहासलेखक या दृष्टीने क्वचितच पाहतात. चरित्राच्या अखेरीस पदकांची यादी द्यावी व पुढे जावे, असा प्रघात पडून गेला आहे. वास्तविक सन्मानचिन्ह हेही एक दानपत्रच होय. प्रस्तुत लेखात सोव्हिएत बाँबफेकी दलाचा सेनानी फ्योदर पेत्रोविच पोलिनिन (1906–1981) याच्या कारकिर्दीच्या आधारे या विधानाची परीक्षा करावयाची आहे.

पोलिनिन याचे शिक्षण ओरेनबुर्ग येथील लष्करी विमानविद्यालयात झाले व 1931 साली तो वैमानिक म्हणून बाहेर पडला. त्याचे नाव इतिहासात शिरले ते मात्र रशियाच्या भूमीवरील कामगिरीमुळे नव्हे. 1937 च्या जुलैत जपानने चीनवर उघड आक्रमण केले. 21 ऑगस्ट 1937 रोजी चीन व सोव्हिएत संघ यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला आणि त्यापाठोपाठ आल्मा-आता ते लानचौ या मार्गाने सोव्हिएत विमाने व वैमानिक चीनमध्ये येऊ लागले. विमानांवर चिनी हवाई दलाचे चिन्ह रंगविलेले असे. वैमानिकांना ‘स्वयंसेवक’ म्हणावे, असे ठरले होते.

या पथकांची सर्वांत धाडसी मोहीम म्हणजे 23 फेब्रुवारी 1938 रोजी तैवानवर झालेला हल्ला. तैवान हे बेट त्या वेळी जपानच्या ताब्यात होते व तैपेईजवळचा सोंगशान विमानतळ हा जपानी हवाई दलाचा महत्त्वाचा तळ होता. 23 फेब्रुवारी हा सोव्हिएत लाल सेनेचा वर्धापनदिन. त्या दिवशी पोलिनिनच्या नेतृत्वाखाली हांकौहून 28 ‘एस्‌बी’ विमाने निघाली. तुपोलेफच्या कचेरीत आखलेले हे दोन इंजिनांचे विमान त्या काळी वेगासाठी प्रसिद्ध होते, परंतु हांकौहून तैवान गाठून थेट परतण्याइतके इंधन त्यात मावत नसे. म्हणून परतीच्या वाटेवर फूचौजवळ उतरून इंधन घ्यावयाचे, असे ठरले. इंधन वाचावे व शत्रूस चाहूल लागू नये यासाठी वैमानिकांनी प्राणवायूच्या नळ्यांवाचून साडेपाच हजार मीटर उंचीवरून उड्डाण केले. नानचांगहून निघालेली 12 विमानांची दुसरी तुकडी दिशा चुकल्याने सोंगशानपर्यंत पोहोचलीच नाही. पोलिनिनची तुकडी मात्र ढगांतील खिंडारातून नेमकी लक्ष्यावर उतरली व बाँब टाकून परतली.

नुकसानीचे आकडे पाहू लागताच साधनांतील विसंगती समोर येते. सोव्हिएत वृत्तान्तांत जमिनीवर उद्ध्वस्त झालेल्या विमानांची संख्या 40 सांगितली आहे, तर जपानी बाजूने मान्य केलेले नुकसान याहून पुष्कळच कमी आहे. वरून पाहणारा वैमानिक धूर पाहतो, जमिनीवरचा कारकून सांगाडे मोजतो. दोहोंपैकी एकही लबाड असलाच पाहिजे, असे नाही. मोहिमेचे खरे महत्त्व आकड्यांवर अवलंबून नव्हतेच. समुद्रापलीकडचा आपला तळ सुरक्षित आहे, ही जपानची समजूत त्या दिवशी ढळली, हे अधिक महत्त्वाचे.

आता या कामगिरीच्या गौरवाकडे वळू. मोहिमेनंतर च्यांग काय-शेकची पत्नी सुंग मेइ-लिंग हिने वैमानिकांना मेजवानी दिली. 14 नोव्हेंबर 1938 रोजी पोलिनिन यास ‘सोव्हिएत संघाचा वीर’ ही पदवी मिळाली. परंतु अशा गौरवपत्रांची त्या काळची भाषा पाहण्यासारखी आहे. शासनाने सोपविलेले विशेष काम उत्तम रीतीने पार पाडल्याबद्दल हा गौरव आहे, एवढेच त्यांत म्हटलेले असे. देशाचे नाव नाही, शत्रूचे नाव नाही, कृतीचेही नाव नाही. दाता व प्रतिग्रहीता यांचा उल्लेख आहे, निमित्त मात्र गाळलेले आहे. पोलिनिनच्या आठवणी मॉस्कोत ग्रंथरूपाने निघाल्या त्या 1972 साली, म्हणजे मोहिमेनंतर चौतीस वर्षांनी.

‘स्वयंसेवक’ या शब्दाचाही येथे विचार केला पाहिजे. तैवानवरील हल्ल्यानंतर सहा-सात महिन्यांनी भारतीय राष्ट्रीय सभेने धाडलेले पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक चीनमध्ये पोहोचले व त्याच हांकौत काही काळ राहिले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते स्वेच्छेने गेले, स्वतःच्या नावाने वावरले आणि 1942 च्या डिसेंबरात तेथेच निवर्तले. सोव्हिएत वैमानिक हे सेवेतील सैनिक होते व शासनाच्या धोरणानुसार तेथे गेले होते. त्यांच्यापैकी कित्येकजण मनापासून गेले असतील, यात शंका नाही. तथापि त्यांच्या बाबतीत हा शब्द मनोवृत्तीचा वाचक नसून सोव्हिएत संघ युद्धात नाही असे म्हणण्याची सोय होता. शब्द एकच, अर्थव्यापार दोन. या सोयीची किंमतही लहान नव्हती. चीनमध्ये दोनशेहून अधिक सोव्हिएत वैमानिक व सैनिक मरण पावले. त्यांपैकी 15 जणांचे स्मारक वूहान येथे उभे राहिले ते 1956 साली.

यापुढील पोलिनिनची कारकीर्द संक्षेपाने सांगता येईल. फिनलंडशी झालेल्या युद्धात त्याने एका सैन्याच्या हवाई दलाचे नेतृत्व केले. 1941 च्या जर्मन आक्रमणानंतर ब्र्यान्स्क आघाडीचे हवाई दल त्याच्याकडे आले व पुढे 1943 च्या जानेवारीत सहाव्या हवाई सेनेचे आधिपत्य त्यास मिळाले. 1944 च्या उन्हाळ्यात ही सेना पहिल्या बेलोरशियन आघाडीबरोबर पोलंडच्या भूमीवर लढली. त्या शरदात तिचे मुख्यालय रणांगणावरून काढून त्याचेच रूपांतर पोलिश सैन्याच्या हवाई दलाच्या मुख्यालयात करण्यात आले आणि पोलिनिन त्या दलाचा सेनापती झाला. 1947 पर्यंत तो त्या पदावर होता. म्हणजे एका राष्ट्राचे हवाई दल दुसऱ्या राष्ट्राच्या सेनानीने, दुसऱ्या राष्ट्राच्या कार्यालयीन यंत्रणेसह उभारले. पोलंडच्या नव्या शासनाने यासाठी त्यास जी सन्मानचिन्हे दिली, त्यांत ‘व्हिर्तुती मिलितारी’ हे एक होते.

या चिन्हाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. पोलंडचा अखेरचा राजा स्तानिस्लाव ऑगस्त याने 1792 साली, रशियाशी चाललेल्या युद्धात, रशियन सैन्याविरुद्ध मिळालेल्या जयानंतर ते स्थापन केले. 1831 साली पोलिश उठाव मोडून काढल्यावर झार निकोलस पहिला याने तेच चिन्ह, उठाव मोडणाऱ्या रशियन सैनिकांनाच वाटले. पोलंड स्वतंत्र झाल्यावर 1919 मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधील निर्वासित पोलिश शासन ते ब्रिटनमध्ये लढणाऱ्या पोलिश वैमानिकांना देत होते आणि 1944 च्या डिसेंबरपासून लुब्लिन येथील सोव्हिएतसमर्थित सत्तेनेही ते आपल्या चिन्हांत स्वीकारले. चिन्ह एक व दाते दोन, आणि प्रत्येक दाता दुसऱ्यास अवैध मानणारा, अशी ही स्थिती होती.

लॅटिन नावाचे व्याकरण येथे मर्मावर बोट ठेवते. ‘व्हिर्तुती मिलितारी’ ही चतुर्थी आहे : ‘सैनिकी शौर्यास’. वाक्यात कर्ता नाही, क्रियापद नाही. शौर्यास कोणी अर्पण केले, हे रिकामे ठेवलेले आहे. त्या रिकाम्या जागी राजा, झार, प्रजासत्ताक, निर्वासित शासन व साम्यवादी सत्ता असे पाच कर्ते क्रमाने वा एकाच वेळी येऊन बसले. शब्दात फरक झाला नाही.

परंतु माणसांच्या वाट्याला फरक आलाच. ब्रिटनच्या आकाशात लढलेला श्रेष्ठ पोलिश वैमानिक स्तानिस्लाव स्काल्स्की याच्या छातीवरही हेच चिन्ह होते. पोलिनिनने दल सोडले त्याच वर्षी, म्हणजे 1947 मध्ये, तो मायदेशी परतला व त्याच हवाई दलात रुजू झाला. 1948 मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून त्यास अटक झाली, पुढे मृत्युदंड ठोठावण्यात आला. तो दंड अमलात आला नाही, पण सुटका होण्यास 1956 साल उजाडले. एकाच क्रॉसचे दोन धारक : एक त्या दलाचा निर्माता व दुसरा त्याच राजवटीचा बंदी.

यावरून पोलिनिनचे शौर्य खोटे ठरते काय? मुळीच नाही. तैवानवरील उड्डाण हे कोणत्याही मापाने असामान्य होते. मात्र चिन्ह शौर्याइतकीच दात्याचीही साक्ष देते, हे विसरता कामा नये. ताम्रपटाच्या अखेरीस दान हिरावणाऱ्यास शाप लिहिलेला असतो, कारण दान हिरावले जाते हे लिहिणाऱ्यास ठाऊक असते. ब्रेझनेफ यास 1974 साली दिलेले व्हिर्तुती मिलितारी 1990 मध्ये पोलंडने परत घेतले. तेथे शौर्य हे निमित्तच दुर्बळ होते. पोलिनिनच्या बाबतीत निमित्त बळकट होते, विवाद्य होता तो दात्याचा अधिकार. ही दोन प्रकरणे एकाच मापाने मोजणे हा इतिहासाशी अन्याय होईल.

सारांश, सेनानीच्या चरित्रातील पदकांची यादी ही परिशिष्टात टाकण्याची बाब नव्हे. 1938 च्या सोव्हिएत गौरवात दाता बोलतो व निमित्त लपते, तर पोलिश सन्मानात निमित्त बोलते व दाता लपतो. या दोन मौनांची फोड केली, म्हणजे एका वैमानिकाच्या कारकिर्दीतून दोन राज्यांचे राजकारण वाचता येते. दानलेख वाचण्याची जी शिस्त आपण जुन्या लेखांसाठी अंगी बाणविली आहे, ती विसाव्या शतकाच्या साधनांनाही लावली पाहिजे.