हातकडी : निकालाआधीची शिक्षा

तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दोन शिपाई, मध्ये एक तरुण, त्याच्या मनगटात हातकडी आणि हातकडीला बांधलेला दोर. तो रुमालाने हात झाकू पाहतो. खटला अजून उभा राहिलेला नसतो. पण बघणाऱ्यांचा निकाल लागलेला असतो. वर्तमानपत्रेही अटकेची बातमी 'बेड्या ठोकल्या' अशाच शब्दांत देतात. पुढे हाच तरुण निर्दोष सुटला, तर ती बातमी मोहल्ल्यात कोणी सांगत फिरत नाही. गेलेली अब्रू कोर्टाच्या कागदाने परत येत नाही.

म्हणूनच हातकडीचा इतिहास हा केवळ वकिलांचा विषय नाही.

अटक केलेल्या माणसाला, तो पळून जाऊ नये एवढ्यापुरतेच जखडावे, त्याहून अधिक नाही, हे तत्त्व इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होते. पण कायद्यात एक आणि पोलिसांच्या नियमपुस्तकात दुसरे! दिल्लीत लागू असलेल्या 1934 च्या पंजाब पोलीस नियमांनी कैद्यांचे वर्ग पाडले होते. शिक्षण, पैसा आणि राहणीमान यांवरून 'वरच्या वर्गा'तला ठरलेला आरोपी हातकडीतून सहसा सुटत असे. गंभीर आरोप असलेल्या सामान्य माणसाला मात्र ती ठरलेलीच होती. स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, तरी हे नियम पोलीस ठाण्याच्या कपाटात तसेच राहिले.

त्यांना पहिला जबर धक्का दिला तो एका तारेने. तिहार तुरुंगातील प्रेमशंकर शुक्ला या कच्च्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना तार केली, की कोर्टात नेताना आम्हाला जबरदस्तीने हातकड्या घातल्या जातात. त्या तारेचीच याचिका झाली. 1980 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. हातकडी ही सकृद्दर्शनी अमानुष आणि मनमानी गोष्ट आहे. कैदी पळून जाण्याचा खराखुरा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल, तरच ती वापरावी. कारण लेखी नोंदवावे आणि मॅजिस्ट्रेटसमोर ठेवावे, असे न्यायालयाने बजावले. श्रीमंत आणि गरीब कैद्यांमधला तो भेदही घटनेच्या कलम 14 ला धरून नाही, असे ठरले. कलम 21 मधल्या 'जीविता'त माणसाची प्रतिष्ठाही येते, हा या निकालाचा गाभा होता.

पण निकाल दिल्लीत लागतो आणि हातकडी गावात पडते. 1989 मध्ये गुजरातेत नडियादच्या पोलिसांनी चक्क मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यालाच हातकडी घातली, दोराने बांधले आणि फोटो काढले. ज्याच्यासमोर कारण मांडायचे, त्याचीच ही गत! सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये संबंधित पोलिसांना अवमानाबद्दल शिक्षा दिली. त्याच वर्षी महाराष्ट्रातले एक प्रकरणही तिथे पोहोचले. एका कच्च्या कैद्याची हातकडी घालून रस्त्यातून धिंड काढल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने दहा हजार रुपये भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली, पण ती इन्स्पेक्टरने नव्हे तर सरकारने द्यावी असे सांगितले. म्हणजे धिंडीची किंमत अखेर जनतेच्याच खिशातून गेली.

पुढे पत्रकार कुलदीप नय्यर यांना गुवाहाटीच्या इस्पितळात 'टाडा'खालील सात कैदी खाटांना हातकड्यांनी जखडलेले दिसले. त्यांनी न्यायालयाला पत्र लिहिले. 1995 च्या निकालात सांगितले गेले, की मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय कैद्याला हातकडी घातली तर तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल.

या साऱ्यानंतर 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 43 ने हातकडीला प्रथमच थेट कायद्याचा आधार दिला. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला आरोपी, दहशतवाद, खून, बलात्कार, अमली पदार्थ अशी मोठी यादी त्यात आहे. मूळ विधेयकात आर्थिक गुन्हेही होते. त्यांत किरकोळ ते गंभीर असे सगळेच प्रकार मोडतात, म्हणून संसदेच्या स्थायी समितीने ते वगळायला सुचवले आणि ते वगळले गेले. युक्तिवाद रास्त आहे. पण मग अमली पदार्थांच्या आरोपात किरकोळ आणि गंभीर असा फरक नसतो काय? 1934 चा 'वरचा वर्ग' दारातून गेला आणि खिडकीतून परत आला, असे एखाद्याला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. नवे कलम हातकडी 'घालता येईल' म्हणते, 'घातलीच पाहिजे' म्हणत नाही. पळून जाण्यापुरतेच जखडावे, हे जुने तत्त्वही त्याच संहितेच्या कलम 46 मध्ये कायम आहे. आणि कोणतीही संहिता राज्यघटनेच्या वर नसते.

तेव्हा आपल्या घरातला, मोहल्ल्यातला कोणी पकडला गेला, तर रडारड किंवा वशिला शोधण्याआधी वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटसमोर एक साधा प्रश्न विचारायला हवा : हातकडी कोणत्या कारणाने घातली, आणि ते कारण कुठे लिहिले आहे? शुक्लांच्या तारेत याहून मोठे काही नव्हते.