अडसर, किल्ली आणि सत्ता

आपल्या जालन्याचा मस्तगड १७२५ चा. जुन्या वाड्यांच्या दारांना आतून अडसर असे. तो घालायला घरात माणूस लागे. कुलूप-किल्लीने घर सोडून जाण्याची सोय केली. १८६१ मध्ये अमेरिकेत येल यांनी खिट्ट्यांच्या कुलपाचे पेटंट घेतले. १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा धंदा उभारला. आता बोट टेकताच उघडणारे कुलूप आले आहे. त्याचे सेल वरचेवर बदलावे लागतात. फोनशी जोडलेले असेल, तर दूरच्या कंपनीची मर्जीही सांभाळावी लागते. अडसराला गावचा सुतार पुरत असे. म्हणून आम्ही म्हणतो, नवे कुलूप खुशाल बसवावे. पण साध्या किल्लीने उघडणारे असावे. घर आपले, तर ते उघडण्याची सत्ताही आपलीच हवी.