घराचा परवाना आणि शेजारणीची खिडकी

मंडळाच्या स्मरणिकेत तू काहीतरी लिहिलेच पाहिजेस, असा आमच्या अध्यक्षाबाईंनी आग्रह धरला. मी पडले सातवी शिकलेली. म्हटले, चार वर्षांपूर्वी घर बांधताना जे अनुभवले तेच लिहावे, आणि घर बांधायला परवानगी का मागावी लागते याचा जो इतिहास पुढे वाचनालयात सापडला, तोही सांगावा.

भगिनींनो, आमचे घर जुने, मातीच्या भिंतींचे. एका पावसाळ्यात मागची भिंत खचली आणि घर नव्याने बांधायचे ठरले. मालमत्ता पत्रक, मोजणीचा नकाशा, घरपट्टीची पावती असे कागद जमवले. इंजिनियरकडून नकाशा काढून घेऊन अर्ज केला. थोड्याच दिवसांत नकाशा परत आला. मागच्या खोलीला उजेड-वारा नाही, बाजूला मोकळी जागा सोडा, असा शेरा होता. माझ्या देवघराची जागाच त्यात जात होती! "आपली जागा, आपला पैसा, मग यांचे काय जाते?" असे मी रागाने म्हटले. हे म्हणाले, "नकाशात मोकळी दाखवू, बांधताना बघू."

त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी आमच्याच बाजूला. "भिंत कुठवर येणार ग?" एवढेच त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही.

आमच्या आजेसासूबाई आपल्या आईकडून ऐकलेल्या प्लेगच्या गोष्टी सांगत. उंदीर मरून पडला की माणसे घर सोडून शेतात झोपड्या घालीत. ते आठवले म्हणून वाचनालयातून पुस्तके आणली. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. तिथल्या कित्येक चाळींत दिवसाही अंधार असे. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपराची कौले काढली गेली, राहण्यास अयोग्य घरांवर तशी अक्षरे रंगवली गेली. पुढच्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. १८९८ साली मुंबईत दाट वस्ती मोकळी करण्यासाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. जिल्ह्यांच्या गावांसाठी १९०१ साली नगरपालिकांचा कायदा झाला, आणि त्यात घर बांधण्याआधी नगरपालिकेला कळवण्याचे बंधन होते. १९१५ साली नगररचनेचा कायदा आला. आज आपल्या राज्यात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा चालतो, आणि मुंबई व काही थोडे भाग सोडून सगळीकडे २०२० पासून बांधकामाची एकच नियमावली आहे.

हे वाचून माझा राग ओसरला. मी ह्यांना म्हटले, "देवघर भिंतीतल्या कोनाड्यात मावेल. काकूंचा उजेड कोनाड्यात ठेवता येणार नाही." हे जरा गप्प राहिले आणि मग हो म्हणाले.

नकाशा सुधारून दिला, पण कागद पुढे सरकेना. आज या, उद्या या. मात्र त्याच कायद्यात मला आणखी एक गोष्ट सापडली होती. अर्ज मिळाल्यापासून, किंवा मागितलेली माहिती दिल्यापासून, जे मागाहून असेल त्या दिवसापासून साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणाऱ्या बांधकामाला परवानगी मिळाली असे मानले जाते. तारखेची पोच मी जपून ठेवली होती. पन्नासाव्या दिवशी ती घेऊन गेले आणि हात जोडून म्हटले, "भाऊसाहेब, दहा दिवस राहिले." त्यांनी पोच पाहिली आणि कपाटातून कागद काढला. आठवड्यात परवाना हाती आला. पुढे जोत्याची तपासणी झाली आणि शेवटी भोगवट्याचा दाखलाही मिळाला.

तेव्हा भगिनींनो, घर बांधाल तर परवाना घ्याच, आणि नकाशात दाखवाल तेच बांधा. कागद देताना पोच घ्यायला विसरू नका. नियम शेजाऱ्यासाठी आहे, तशी मुदत आपल्यासाठी आहे.

काकू आजही त्या खिडकीशी बसून तांदूळ निवडतात, तेही दिवा न लावता. माझे देव कोनाड्यात आहेत, आणि ते रुसल्याचे मला कधी जाणवले नाही.