'अलबेला'वाला की 'तिसरी मंजिल'वाला?

परवा वाशीमला गेलो होतो. आजोळच्या घराची आवराआवर चालली होती आणि माळ्यावरून एक जुनी पिशवी खाली आली. आत मोठ्या मामांचा बोंगो! लहान बाजूची पुडी फाटलेली, मोठी अजून शाबूत. थाप मारली, तर 'धुम्' असा छान आवाज आला, आणि आमच्या घरातला तो कधीच न मिटलेला वाद आठवला.

वाद असा, की बोंगो-कोंगो वाजवण्यात सगळ्यांत थोर कोण? मामा एका ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवायचे. गणपती, नवरात्र, लग्नं... रिसोड-मंगरुळपीरपासून पार पुसदपर्यंत. बाबा स्वतः काही वाजवत नसत, पण रेडिओ ऐकून ऐकून मत मात्र पक्कं झालेलं. मामांचा देव 'अलबेला'वाला, बाबांचा 'तिसरी मंजिल'वाला. हो, हीच नावं. कारण रेडिओवर चित्रपट सांगत, गायक सांगत, गीतकार-संगीतकार सांगत. वाजवणारा कोण, हे कोणी सांगत नसे, रेकॉर्डवरही छापत नसत. म्हणजे दोन शहाणीसुरती माणसं तासन् तास भांडायची ती दोन निनावी माणसांवरून.

"भाऊजी, तुमचावाला ड्रम वाजवते, काड्यायनं. बोंगोले बोटं लागतेत," हे मामांचं ठरलेलं वाक्य.

"मंग संबळ कायनं वाजवतेत गोंधळी? तेही वाद्य नोय काय?" हे बाबांचं. माहूर जवळ, त्यामुळे लग्नानंतर घरोघर रेणुकेचा गोंधळ. संबळाचा दाखला दिला की मामा गप्प. दोन मिनिटं.

ग्रेगरी बूथ नावाच्या एका अभ्यासकाचं मुंबईच्या सिनेमातल्या वादकांवरचं पुस्तक २००८ साली आलं, तेव्हा कुठे मला 'अलबेला'वाल्याचा पत्ता लागला. कावस लॉर्ड. पारशी गृहस्थ, सगळे त्यांना कावसकाका म्हणत. बोंगो, कोंगा, खुळखुळ्यासारखे मराकास, ही सगळी लॅटिन अमेरिकेची मंडळी हिंदी सिनेमात आणली ती प्रामुख्याने त्यांनी. आणि त्यांना वाव देणारे संगीतकार म्हणजे आपले सी. रामचंद्र, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे चितळकर. १९५० च्या 'समाधी'तलं 'गोरे गोरे' हे गाणं 'चिको चिको' या लॅटिन ढंगाच्या गाण्यावरून बेतलेलं. कार्मेन मिरांडाने ते १९४५ साली 'डॉल फेस' या अमेरिकन सिनेमात गायलं होतं. पुढच्याच वर्षी 'अलबेला'. 'शोला जो भडके'मध्ये बोंगोच्या जोडीला ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन. पडद्यावर नाचणारे भगवानदादा जन्माने अमरावतीचे, म्हणून मामांना हे गाणं घरचंच वाटे :-)

गंमत बघा. बोंगो मूळचा क्युबाच्या पूर्व भागातला. मांड्यांत धरून वाजवायचा. तिथे त्यातल्या मोठ्याला मादी म्हणतात आणि लहानाला नर. कोंग्याला क्युबात 'तुंबादोरा' म्हणतात, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्याला 'तुंबा'. मुंबईचे वादक कोंग्याला तुंबाच म्हणत. मामाही म्हणत. मला लहानपणी वाटायचं, तो भोपळ्याचा असणार, तंबोऱ्यासारखा!

आता बाबांचा माणूस. 'तिसरी मंजिल' १९६६ ची, संगीत आर. डी. बर्मन यांचं. 'ओ हसीना'मधला तो दणदणीत ड्रम लेस्ली गुदिन्हो यांचा. म्हणजे मामांचा आक्षेप बरोबर होता, बोंगो आणि ड्रम ही तुलनाच चुकीची. पण आर. डीं.च्या तालविभागात आणखी दोन नावं सापडली, ती कळली असती तर दोघांनाही आवडली असती. मारुतीराव कीर आणि अमृतराव काटकर. मारुतीराव तबल्यातले, पण सगळ्या तालवाद्यांची मोट बांधणारे. श्रेयनामावलीत सहायक म्हणून बासू, मनोहारी यांच्याबरोबर मारुती हे नाव झळकतं. काटकर म्हणजे रेसो-रेसो. ब्राझीलमधलं हे खाचांचं वाद्य, काडी घासली की 'खर्र-खर्र' करतं.

मग जगात थोर कोण? तिकडेही हेच भांडण आहे. कोणी मोंगो सांतामारियाचं नाव घेतं, कोणी चानो पोसोचं. चानो पोसो १९४७ साली डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये शिरला आणि १९४८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला, अवघ्या ३३ व्या वर्षी. तेवढ्या सव्वा वर्षात त्याने जॅझची चाल बदलून टाकली. पोर्तो रिकोचा जोव्हानी इदाल्गो तर आपल्या झाकीरभाईंबरोबर १९९१ च्या 'प्लॅनेट ड्रम'मध्ये वाजला आहे, त्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी मिळालं. हातांच्या सफाईत इदाल्गोपुढे कोणी उभं राहील असं मला वाटत नाही.

तरीही माझं मत मामांच्या बाजूने, कावसकाकांना. इदाल्गोभोवती लहानपणापासून कोंगाच होता. इथे मात्र ज्या वाद्याचा उस्ताद नाही, ते वाद्य मुंबईच्या स्टुडिओत आणून केरव्या-दादऱ्याच्या शेजारी बसवायचं होतं. त्यांची मुलं केर्सी आणि बर्जोर याच धंद्यात शिरली. त्या तिघांवर २०१२ साली 'द ह्यूमन फॅक्टर' हा माहितीपट निघाला. मामा तोवर गेलेले होते.

मामांचं वाजवणं त्याआधीच थांबलं होतं. नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आला. एका माणसाच्या दोन काड्यांत ड्रम, बोंगो, तुंबा सगळंच. "काड्यायनंच मारलं शेवटी," असं मामा एकदा म्हणाले होते, तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. त्या ऑर्केस्ट्राची दोन जुनी पत्रकं पिशवीत होती. गायक-गायिकांचे फोटो, निवेदकाचं नाव, तिकिटाचे दर. मामांचं नाव शोधलं. "व साथीदार" एवढंच होतं.

असो. बोंगो घेऊन गावातल्या ढोलकी-तबले भरून देणाऱ्याकडे गेलो. त्याने उलटासुलटा करून पाहिला.

"पुडी चढवून देतो. शाई लावू काय याले?"

"नको, याला शाई नसते," मी म्हटलं.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ऐंशी ओलांडलीय आता. म्हणाले, "दोनशे रुपये घालवले? तिसरी मंजिलवाल्याचा ड्रम आजही वाजते म्हणा."