कैरोचे विद्यापीठ : लोकवर्गणीतून उभे राहिलेले ज्ञानपीठ



मुस्लिम जगातील उच्च शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम कैरोचे अल-अजहर उभे राहते. हजार वर्षांहून जुन्या त्या विद्याकेंद्राचा लौकिक आपण जाणताच. परंतु त्याच शहरात 1908 साली आणखी एक विद्यापीठ निघाले. ते सरकारने काढले नाही, की उलेमांनीही नाही. ते काढले सामान्य जनतेने, स्वतःच्या खिशात हात घालून. त्याची हकीकत प्रत्येक पालकाने व विद्यार्थ्याने जाणून घ्यावी अशी आहे.

1882 पासून इजिप्तवर इंग्रजांचा ताबा होता. तेथील सर्वाधिकारी लॉर्ड क्रोमर यांना इजिप्तमध्ये विद्यापीठ नको होते. साक्षरतेपुरत्या शाळा आणि कचेऱ्यांना लागतील तेवढे कारकून मिळाले म्हणजे पुरे, असे त्यांचे धोरण. तेव्हा सरकारची वाट न पाहता 1906 साली बनी सुएफचे मुस्तफा कामिल घमरावी यांनी 500 पौंड देऊ केले आणि इतरांनाही आवाहन केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साद झगलूल यांच्या घरी सभा भरली. तेथे ठरले की, या विद्यापीठाचे दार कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला उघडे राहील आणि राजकारणाशी त्याचा संबंध असणार नाही.

थोड्याच दिवसांत झगलूल शिक्षणमंत्री झाले. मग कामाची धुरा न्यायाधीश कासिम अमीन यांनी वाहिली. स्त्रियांच्या हक्कांसाठी लेखणी झिजवणारे हेच ते गृहस्थ. दुर्दैवाने एप्रिल 1908 मध्ये ते वारले आणि 21 डिसेंबर 1908 रोजी झालेला उद्घाटन समारंभ काही त्यांना पाहता आला नाही. अध्यक्षपदी राजपुत्र अहमद फुआद होते.

स्वतःची इमारत नव्हती. आजचे व्याख्यान कोणत्या सभागृहात, हे वर्तमानपत्रांतून जाहीर होई. पुढे एका ग्रीक सिगारेट-कारखानदाराचा वाडा भाड्याने घेतला गेला. ही अडचण राजकन्या फातिमा यांच्या कानावर गेली. त्यांनी इमारतीसाठी 6 फेद्दान जमीन दिली (फेद्दान म्हणजे एकराहून किंचित मोठे माप). 661 फेद्दान शेतीचे उत्पन्न वक्फ करून दिले. एवढ्यावर न थांबता बांधकामासाठी अंगावरचे दागिनेही दिले. त्यांची किंमत सुमारे 18 हजार पौंड धरली गेली. 1914 साली पायाभरणी झाली, पण महायुद्धामुळे बांधकाम रखडले.

विद्यार्थी मित्रांनो, या विद्यापीठाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत एक अंध तरुण होता, ताहा हुसैन. लहानपणीच दृष्टी गेलेला हा खेड्यातला मुलगा अल-अजहरमध्ये शिकत होता. संध्याकाळी तो येथील व्याख्याने ऐकू लागला. 1914 साली कवी अबुल अला अल-मआर्री यांच्यावरील प्रबंधाला या विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट मिळाली, ती त्याचीच. पुढे हेच ताहा हुसैन देशाचे शिक्षणमंत्री झाले आणि 1950 साली त्यांनी माध्यमिक शिक्षण मोफत केले.

पण सर्व काही सुरळीत झाले असे समजू नका. 1910 साली इस्लामी इतिहास शिकविण्यासाठी नामवंत लेखक जुर्जी झैदान यांची नेमणूक झाली. ते ख्रिस्ती होते. ओरड झाली, तेव्हा विद्यापीठाने कच खाल्ली आणि नेमणूक रद्द केली. दार सर्वांना उघडे ठेवू म्हणणाऱ्यांनी पहिल्याच कसोटीला ते अर्धे लोटून घेतले! स्त्रियांसाठी सुरू केलेली व्याख्यानेही विरोधामुळे 1912 साली बंद पडली.

पुढे पैशाची चणचण वाढली आणि 1925 साली विद्यापीठ सरकारच्या हाती गेले. विज्ञान, वैद्यक, कायदा असे विभाग आले, कायमचा पैसा आला. कुलगुरू लुत्फी अस-सय्यद यांनी फारसा गाजावाजा न करता मुलींना प्रवेश दिला. त्या पहिल्या मुलींपैकी सुहैर अल-कलमावी पुढे तेथेच अरबीच्या प्राध्यापिका झाल्या. मात्र या सरकारी पैशाची किंमत 1932 साली मोजावी लागली. सरकारने कला विभागाचे प्रमुख असलेल्या ताहा हुसैन यांना विद्यापीठाला न विचारता तेथून हलविले. लुत्फी अस-सय्यद यांनी तडकाफडकी राजीनामा दिला. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. दोघेही काही वर्षांनी सन्मानाने परतले. 1953 साली या संस्थेला ‘कैरो विद्यापीठ’ हे नाव मिळाले. 1988 चे नोबेल पारितोषिक मिळविणारे कादंबरीकार नगीब महफूज याच विद्यापीठाचे पदवीधर.

पालक बंधू-भगिनींनो, यातून आपण काय घ्यावे? संस्था पैशावर उभी राहते, हे खरे. म्हणून आपली वर्गणी लहान असली तरी तिला मोल आहे; ती आटली की संस्थेला दुसऱ्याच्या दारी जावे लागते. पण पैशाबरोबर धीरही लागतो. शिक्षक निवडताना त्याची विद्वत्ता पाहावी, धर्म नव्हे. आणि मुलीला दारातून परत पाठवू नये. कैरोकरांना हा धडा चुकत-माकत शिकावा लागला. आपल्या संस्थेच्या सभेत असा प्रश्न येईल, तेव्हा झैदान यांची रद्द झालेली नेमणूक आणि लुत्फी अस-सय्यद यांचा राजीनामा, दोन्ही आठवा. त्यांपैकी कोणाच्या बाजूने हात वर करायचा, हे ज्याने त्याने ठरवावे.