ख्येंत्से नोर्बू : मठातून पडद्यापर्यंत

ख्येंत्से नोर्बू हे १९६१ साली भूतानमध्ये जन्मलेले बौद्ध धर्मगुरू, पटकथालेखक आणि दिग्दर्शक. बर्नार्डो बर्टोलुची यांच्या ‘लिटल बुद्धा’ (१९९३) या चित्रपटाचे ते सल्लागार होते. तेथे त्यांना चित्रपटनिर्मिती जवळून पाहता आली.

त्यांचा पहिला चित्रपट ‘द कप’ (१९९९) मायदेशी नव्हे, भारतात तयार झाला. हिमाचल प्रदेशातील बीर येथे तिबेटी निर्वासितांच्या मठात त्याचे चित्रीकरण झाले. बहुतेक भूमिका तेथील भिक्खू व श्रामणेरांनीच केल्या. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना पाहता यावा म्हणून भाड्याने टीव्ही आणायची बालभिक्खूंची धडपड, एवढीच कथा. पण तिच्या आडून देश गमावल्याचे दुःखही दिसते. हा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला. पुढचा ‘ट्रॅव्हलर्स अँड मॅजिशियन्स’ (२००३) त्यांनी भूतानमध्ये, झोंगखा भाषेत केला.

पडद्यावरचा भिक्खू बहुधा गंभीर आणि गूढ असतो. नोर्बूंचे भिक्खू हसतात, खोड्या काढतात, कारण दिग्दर्शक त्यांच्यातलाच आहे. आमच्या मते लघुपट करू पाहणाऱ्या धम्मबांधवांनी हेच ध्यानात घ्यावे. आपल्या विहाराची, वस्तीची गोष्ट आपणच सांगायला हवी.