दोन नळ्यांचा श्वास

1943 च्या जानेवारीत फ्रेंच नौदलातला अधिकारी जाक कुस्तो पॅरिसजवळ मार्न नदीच्या गारठलेल्या पाण्यात उतरला. पाठीवर दाबाखालच्या हवेचा साठा होता आणि त्यावर एमिल गान्यां या इंजिनिअरनं बनवलेली झडप. आडवं पोहताना श्वास उत्तम चालला. पण कुस्तो पाण्यात उभा राहिला की हवा भसाभस बाहेर पडून वाया जाई, आणि डोकं खाली, पाय वर केले की श्वास ओढणं जड होई. हवा वाया जाण्याचं कारण दोघांना परतीच्या वाटेवर सापडलं. शरीर उभं असताना उच्छ्वास बाहेर पडायची जागा हवा देणाऱ्या झडपेपेक्षा वीतभर वर येत होती. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे बदलतो, आणि फुप्फुसांना हा वीतभर फरकही कळतो. मग उच्छ्वासाची वाट झडपेच्या अगदी शेजारी, एकाच पातळीवर आणली गेली. पुढची जवळजवळ तीस वर्षं पाणबुड्यांच्या खांद्यांवरून दोन पन्हळी रबरी नळ्या दिसत राहिल्या, त्या यामुळे. एक हवा आणणारी, दुसरी वापरलेली हवा मानेमागे नेऊन सोडणारी.

गान्यां पॅरिसच्या एअर लिक्विड या वायू बनवणाऱ्या कंपनीत होता. युद्धकाळात नागरिकांना पेट्रोल मिळत नव्हतं, गाड्या गॅसवर चालवाव्या लागत होत्या, आणि त्यासाठी त्यानं एक झडप तयार केली होती. कुस्तोला हवी होती तशीच तिची वागणूक होती : मागेल तेव्हा, मागेल तेवढं द्यायचं. कल्पना नवी नव्हती. 1860 च्या दशकात रुकेरॉल आणि देनेरूझ या दोन फ्रेंच माणसांनी मागणीप्रमाणे हवा देणारं यंत्र बनवलंच होतं. पण तेव्हाच्या टाक्यांत पुरेशा दाबानं हवा भरता येत नसे, म्हणून पाणबुड्याला बहुधा बोटीवरच्या पंपाशी बांधून राहावं लागे. 1943 च्या जूनमध्ये दक्षिण फ्रान्समध्ये बांदोलजवळ कुस्तो कुणाशीही न बांधलेला असा पाण्याखाली हिंडला. त्याची बायको सिमोन वरून तरंगत त्याच्यावर लक्ष ठेवून होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचा सहकारी फ्रेदेरिक द्युमा 62 मीटरपर्यंत उतरला.

युद्धानंतर हे यंत्र ‘अ‍ॅक्वालंग’ या नावानं अमेरिकेत पोचलं. त्यासोबत काय येत नव्हतं, हे पाहिल्यावर त्या काळचं डायव्हिंग समजू लागतं. टाकीत किती हवा उरली हे दाखवणारा काटा बहुतेकांकडे नव्हता. पाण्यात हवं तसं वर-खाली तरंगायला मदत करणारं फुगवता येणारं जाकीट नव्हतं. सोबत्याची हवा संपली तर त्याला द्यायला दुसरा माउथपीस नव्हता, आणि खोली व वेळ मोजून वर येण्याचा वेग सांगणारा संगणकही नव्हता. जे काम करायला उपकरण नव्हतं, ते काम माणसाच्या अंगवळणी पाडावं लागे. जुन्या प्रशिक्षणाचा कडकपणा तिथून आला.

राखीव हवेचंच घ्या. काट्याच्या जागी ‘जे-व्हॉल्व्ह’ असे. त्यात एक स्प्रिंग. टाकीतला दाब सुमारे 300 पीएसआयपर्यंत उतरला की ही झडप मिटू लागे आणि श्वास ओढणं जड होई. हीच सूचना. मग पाणबुड्यानं हात मागे नेऊन टाकीच्या कडेनं खाली आलेली सळई ओढायची, की राखलेली हवा मोकळी होई आणि तो वर यायला निघे. रचना साधी होती, आणि तिच्यातला धोकाही तितकाच साधा. उतरण्याआधी सळईला जोडलेला खटका वर करायचा राहून गेला, किंवा कॅलिफोर्नियात केल्प या समुद्री शेवाळाच्या जंगलात ती सळई कुठं अडकून आधीच ओढली गेली, तर श्वास जड होण्याची वेळ येई तेव्हा राखीव हवा आधीच वापरून झालेली असे. म्हणून पाण्याखाली मधूनमधून हात मागे नेऊन खटका जागेवर आहे का ते चाचपण्याची सवय लावली जाई. हवेचा हिशेबही डोक्यात चाले. त्या काळच्या 72 घनफुटी पोलादी टाकीत सुमारे 2000 लिटर हवा मावे. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा घेणाऱ्या माणसाला 20 मीटर खोलीवर त्याच्या तिप्पट लागते. म्हणजे अर्ध्या तासात टाकी तळाला.

हे शिकवायचं कुणी? सॅन दिएगोजवळच्या ला होया इथल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनराड लिंबॉ आणि अँड्रियास रेक्निट्झर या तरुण जीवशास्त्रज्ञांना अ‍ॅक्वालंग संशोधनासाठी हवं होतं. विद्यार्थ्यांना समुद्रात सोडायचं तर त्यांना आधी तयार केलं पाहिजे, म्हणून 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच अभ्यासक्रम बांधला. 1954 मध्ये लॉस एंजलिस काउंटीनं अल टिलमन, बेव्ह मॉर्गन आणि रॅम्सी पार्क्स यांना तिथं शिकायला पाठवलं. पुढच्याच वर्षी काउंटीनं प्रशिक्षक घडवणारा स्वतःचा वर्ग सुरू केला. नागरी डायव्हिंग शिक्षणाची अमेरिकेतली परंपरा इथून सुरू होते. ब्रिटनमध्ये 1953 साली स्थापन झालेला सब-अ‍ॅक्वा क्लब आपल्या पद्धतीनं तेच काम करत होता.

त्या वर्गांतले काही धडे आज वाचताना अंगावर काटा येतो. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी जाऊन टाकी, मास्क, फिन्स, वजनाचा पट्टा सगळं काढून तिथंच ठेवायचं, श्वास सोडत वर यायचं, मग एका दमात पुन्हा खाली जाऊन झडप उघडायची, आधी श्वास घ्यायचा आणि बाकीचं एकेक करून चढवायचं. प्रशिक्षक मागून येऊन मास्क खेचे, हवा बंद करे. हा छळ वाटेल, पण त्यामागे विचार होता. ज्याच्याजवळ दुसरा माउथपीस नाही, काटा नाही, त्याला पाण्याखाली आधार फक्त स्वतःच्या शांत डोक्याचा. ते डोकं किती शांत राहतं हे समुद्रात नव्हे, तलावात कळलेलं बरं.

एकाच माउथपीसवर दोघांनी आळीपाळीनं श्वास घेणं हा त्यातला अवघड धडा. दोन नळ्यांच्या रेग्युलेटरमध्ये, म्हणजे हवा देणाऱ्या त्या झडपयंत्रात, माउथपीस मानेमागच्या झडपेपेक्षा वर गेला की हवा आपोआप उसळते आणि खाली गेला की ओढावी लागते. मार्न नदीतला तोच वीतभर फरक. त्यामुळे सोबत्यानं कुठल्या बाजूला आणि किती पातळीवर यायचं, हे आधी ठरलेलं असावं लागे. सुरुवातीच्या माउथपीसमध्ये एकेरी झडपा नव्हत्या. एकदा तो तोंडातून निसटला की नळ्यांत पाणी शिरे. मग उच्छ्वासाची नळी खाली येईल असं अंग कलवायचं आणि जोरात फुंकून पाणी मागे ढकलायचं. मगच पुढचा श्वास. नियम जुने असोत की नवे, एक मात्र बदललेला नाही : वर येताना श्वास रोखायचा नाही. 10 मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट होते, आणि तिला वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाटतं.

इतकं शिकलेल्यांनाही समुद्र सोडत नसे. स्वतः लिंबॉ 1960 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोर-म्यू इथल्या पाण्याखालच्या गुहेत वाट चुकला आणि परत आला नाही. त्याच्याइतका अनुभव असलेली माणसं तेव्हा जगात थोडीच होती. जुन्या दिवसांच्या आठवणी काढताना हे मरण विसरलं जाऊ नये.

दरम्यान, 1958 ते 1961 या काळात अमेरिकी घराघरांत ‘सी हंट’ ही मालिका दिसत होती. लॉइड ब्रिजेसनं साकारलेला माइक नेल्सन दर आठवड्याला दोन नळ्या खांद्यावर टाकून पाण्यात उडी मारी. शिकू पाहणाऱ्यांची रांग लागली आणि एका काउंटीचे वर्ग तिला पुरे पडेनात. 1960 मध्ये ह्यूस्टनमध्ये प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना ‘नावी’ उभी राहिली. 1966 मध्ये जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी ‘पाडी’ सुरू केली. एरिक्सन पोहणं शिकवणारा शिक्षक होता. अवघड कौशल्याचे लहान तुकडे पाडून ते एकेक करून शिकवावेत हा त्याचा आग्रह पुढे जगभर पसरला.

उपकरणंही पालटत होती. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडनं 1952 मध्ये ‘पॉर्पस’ हा एका नळीचा रेग्युलेटर बाजारात आणला. टाकीवर दाब उतरवणारा पहिला टप्पा आणि थेट तोंडाशी दुसरा. श्वास देणारी आणि उच्छ्वास सोडणारी झडप दोन्ही ओठांपुढेच असल्यानं पातळीचा प्रश्न मुळातच मिटला. अशा रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यावरून काट्याची नळी काढणं सोपं झालं, सोबत्यासाठी दुसरा माउथपीस जोडता आला, जाकिटात हवा भरायचं बटणही आलं. एकेका जोडणीबरोबर अभ्यासक्रमातला एकेक धडा गळत गेला. आज पाडीच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राला खुल्या पाण्यातले चार डाइव्ह लागतात आणि बहुतेक ठिकाणी तीन-चार दिवसांत काम होतं. मर्यादा 18 मीटर.

याला ऱ्हास म्हणणारे जुने पाणबुडे पुष्कळ आहेत. त्यांचं अर्धंच खरं आहे. काटा हा अंदाजापेक्षा चांगलाच. फारशी ताकद नसलेले, वयस्क, शाळकरी मुलं अशा कितीतरी जणांना समुद्र मोकळा झाला तो याच बदलांमुळे; जुन्या वर्गातून ते पहिल्याच आठवड्यात बाहेर पडले असते. पण काम यंत्राकडे गेलं की त्या कामाची जाणही हळूहळू जाते, हेही तितकंच खरं. महाराष्ट्रात बहुतेकांची स्कुबाशी ओळख मालवण-तारकर्लीत होते. तिथं पोहता न येणाऱ्यालाही गाइड टाकीला धरून उथळ पाण्यात मासे दाखवून आणतो. पर्यटकाला फक्त श्वास घेत राहायचं असतं. तो आनंद अस्सल आहे, पण ते डायव्हिंग शिकणं नव्हे. याउलट, 1980 च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं द्वारकेच्या समुद्रात बुडालेल्या दगडी अवशेषांची मोजमापं घेत होती. हात मोजपट्टीवर आणि लक्ष नोंदींवर ठेवायचं तर श्वास आणि तोल मुरलेलेच असावे लागतात.

अमेरिकेत आणि युरोपात दोन नळ्यांचे रेग्युलेटर पुन्हा पाण्यात नेणारी मंडळी आहेत, आणि हरवत चाललेली ही जाण टिकवण्यातच त्यांच्या कामाचं मोल आहे. माळ्यावर किंवा जुन्या बाजारात सापडलेला ‘डीए अ‍ॅक्वामास्टर’ 1958 किंवा त्यानंतरचा असतो. बाहेरून क्रोमचा थर, आत पितळ, सांध्यांत हिरवट कळकटपणा. आधी प्रत्येक भाग सुटा करून त्याचा क्रम टिपायचा. मग सौम्य आम्लात अगदी थोडा वेळ भिजवायचं. जास्त वेळ ठेवलं तर पितळातलं जस्त निघून जातं आणि धातू गुलाबी, ठिसूळ होतो. हवा मागितल्यावर हलणारा रबरी पडदा कडक झालेला असतो, उच्छ्वासाची बदकचोचीसारखी झडप चिकटलेली असते, नळ्यांच्या घड्यांत चिरा पडलेल्या असतात. तिन्हींना पर्याय आता सिलिकॉनचे किंवा ताज्या रबराचे मिळतात. खरी परीक्षा दाबाच्या काट्याची. पहिल्या टप्प्यावर हवा सोडली की काटा एका जागी थांबला पाहिजे. तो मुंगीच्या पावलानं चढत राहिला तर आतली बैठक झिजलेली आहे, आणि असा रेग्युलेटर कितीही चकचकीत असला तरी कपाटातच बरा.

धातू दुरुस्त झाल्यावर माणसाची पाळी येते. जाकिटाशिवाय उतरायचं तर कमरेचं वजन बेतानंच लागतं. खोलीवर ओला सूट दबून पातळ होतो, तरंगण्याची शक्ती घटते, आणि ती तूट छातीत जास्त हवा ठेवून भरून काढावी लागते. टाकीची निवडही म्हणूनच महत्त्वाची. अल्युमिनियमची नेहमीची टाकी रिकामी होत आली की सुमारे दोन किलोनं वर ओढते, जुनी पोलादी 72 तेवढी ओढत नाही. पोहण्याची ढबही बदलते. चेहरा वर करून उताणं पोहलं की हवा उसळते, डोकं खाली घातलं की श्वास जड होतो. म्हणून शरीर लांब, आडवं आणि सावकाश ठेवायला पाणबुडा आपोआप शिकतो. त्याचं बक्षीसही मिळतं. बुडबुडे तोंडाशी न फुटता मानेमागून निघून जातात, डोळ्यांपुढचं पाणी निवळ राहतं आणि मासे कमी बिचकतात. पाण्याखाली छायाचित्रं काढणाऱ्यांनी हा रेग्युलेटर लवकर सोडला नाही, यात नवल नाही.

जुनं यंत्र आणि नवी सावधगिरी यांची सांगड घालणारेच यातले शहाणे. जुन्या चित्रासारखं दिसण्याच्या हट्टापायी काटा काढून टाकणं हा वेडेपणाच ठरेल, कारण त्या चित्रातल्या माणसामागे महिनोन्महिन्यांचा सराव होता. पोलादी टाकी पन्नास वर्षांची असली तरी चालते, पण अमेरिकी नियमाप्रमाणे दर पाच वर्षांनी तिची पाण्याच्या दाबाची चाचणी झालीच पाहिजे, आणि आतला गंज पाहण्यासाठी डायव्हिंगची दुकानं दरवर्षी तपासणी मागतात. 2005 मध्ये अ‍ॅक्वालंग कंपनीनं स्वतःच ‘मिस्त्राल’ या जुन्या नावानं दोन नळ्यांचा नवा रेग्युलेटर काढला, काही वर्षं विकला आणि बंद केला. त्यानंतर ही जागा छोट्या उत्पादकांनी भरली. ते जुन्या पेटीत बसतील असे पहिले टप्पे तयार करतात. त्यांना काट्यासाठी, सोबत्याच्या माउथपीससाठी आणि जाकिटासाठी तोंडं ठेवलेली असतात.